सौनात टांगलेला थर्मोस्टॅट

अंगणात तेरा खांब होते, तेरा मोटारी होत्या, एक ट्रक होता आणि त्या ट्रकचं नेमकं काय बिघडलंय हे ठामपणे सांगू शकणारे नऊ पुरुष होते. खांब मोटारींसाठी होते. प्रत्येक खांबावर विजेची पेटी, पेटीत घड्याळ. झोपण्याआधी वायर जोडून ठेवली की पहाटे इंजिन आपोआप उबदार होऊन मालकाची वाट बघत बसतं. ट्रकला खांब नव्हता. इंजिन मात्र होतं, चांगलं मोठं होतं, आणि ते काही केल्या तापत नव्हतं.

ट्रक ओस्मो हिल्तुनेनचा. ओस्मो काजानीच्या नगरपालिकेत पाणी तपासणारा रसायनज्ञ. स्वभावानं असा, की नुसतं अंडं उकडायला ठेवलं तरी समुद्रसपाटीपासूनची उंची विचारात घेणार. अग्निशामक दलानं निवृत्त केलेला हा ट्रक त्यानं तळ्याकाठच्या झोपडीसाठी ओंडके वाहायला घेतला. आग विझवण्यात आयुष्य गेल्यामुळे ट्रकला उष्णतेचीच अढी बसली असावी, असं त्याची बायको मार्केत्ता म्हणे. तळ्यापर्यंतच्या रस्त्यात तापमानाचा काटा जेमतेम चाळिशीपर्यंत चढायचा आणि तिथेच, सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा, थांबायचा. केबिनमधला हीटर गार वारा फेकायचा. समोरच्या काचेवर आतून बर्फ धरायचा आणि मार्केत्ता दोन कोट घालून, हातात खरवडणी घेऊन, नवऱ्याला रस्ता दिसेल एवढी वाटोळी खिडकी खरवडून ठेवायची.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण सोसायटीचा नियम होता, की अंगणात इंजिन नुसतं चालू ठेवायचं ते जास्तीत जास्त चार मिनिटं. आणि सोसायटीला विल्यो नूतिनेन नावाचे चेअरमन होते. विल्यो रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीतून निवृत्त झाले, पण वेळापत्रक त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ओस्मोनं किल्ली फिरवली की दुसऱ्या मजल्यावरचा पडदा हलायचा आणि चौथं मिनिट संपताच विल्यो गळ्यात स्टॉपवॉच अडकवून खाली हजर. एरवी ते सगळ्या बिऱ्हाडांना ‘अरे-तुरे’ करत. पण ट्रक आल्यापासून ओस्मोशी त्यांचं नातं शासकीय झालं होतं.

“श्रीयुत हिल्तुनेन, आपली चार मिनिटं झाली.”

“काच अजून गोठलेली आहे, विल्यो. दिसत नाही काही.”

“काच हा सोसायटीचा विषय नाही.”

फेब्रुवारीत जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली. ट्रक हे वाहन मोटार या व्याख्येत बसत नसल्यानं, आणि त्याचा धूर तीन बिऱ्हाडांच्या पडद्यांत शिरल्यानं, मार्चच्या वार्षिक सभेत त्याला अंगणातून काढण्याचा ठराव येणार होता. ओस्मोकडे ट्रक ठेवायला दुसरी जागा नव्हती. काढायचा म्हणजे विकायचा, आणि विकायचा म्हणजे मार्केत्ताच्या भावाला. कारण त्यानं आत्ताच फोन करून गिऱ्हाईक म्हणून नाव नोंदवलं होतं. एवढ्यावर न थांबता त्यानं ट्रकसाठी नावही ठरवलं होतं. ते ‘गुलाब’ होतं. ओस्मोला ते ऐकून दोन रात्री झोप लागली नाही.

तेव्हा ट्रक तापवणं भाग होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरचा तौनो, रस्ते खात्यातला निवृत्त मुकादम, म्हणाला, रेडिएटरपुढे पुठ्ठा लाव. त्याच्या बापानं लावला होता, आजोबांनी घोड्यालासुद्धा लावला असता. ओस्मोनं पुठ्ठा लावला. काटा तीन अंश वर गेला आणि पुठ्ठा पुलावर उडून मागच्या पोलिसांच्या गाडीवर बसला. दुसरा म्हणाला तेल पातळ घाल, तिसरा म्हणाला घट्ट घाल. चौथ्याच्या मते इंजिन तापतच होतं, काटाच खोटं बोलत होता. या चौथ्याला कुणी किंमत दिली नाही. पुढे जे घडलं ते पाहता, निदान कॉफी तरी पाजायला हवी होती.

तौनोचा सल्ला सगळ्यात वजनदार मानला जाई, कारण उष्णता या विषयात तौनो अधिकारी होता. इमारतीच्या तळघरात सोसायटीचं सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेत बसायची खोली. शनिवारी एकेका कुटुंबाला तासातासाची पाळी आणि शुक्रवारी पुरुषांची एकत्र पाळी. त्या पाळीला तौनो सर्वांत वरच्या बाकावर बसे. भिंतीवरचा काटा पंच्याण्णव दाखवत असताना वीस मिनिटं बसे आणि बाहेर येऊन म्हणे, “आज जरा कोमटच होतं.” त्याच्या खालोखाल बाकीचे. इमारतीत कुणाला पगार किती हे कुणी कुणाला विचारत नसे, पण कोण किती अंशांत किती मिनिटं बसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओस्मोची नोंद पंधरा मिनिटांची होती. मेहुण्याला त्यानं ती तीनदा सांगितली होती.

अपवाद एकच. तिसऱ्या मजल्यावरच्या आयलीबाई, वय ब्याऐंशी. त्या सौनात लोकरीची टोपी घालून बसत आणि दर वार्षिक सभेत उठून सांगत, की सौना गार आहे. दर वर्षी सभा काट्याकडे बोट दाखवी आणि इतिवृत्तात लिहिलं जाई: वयोमानानुसार.

असो. ओस्मोनं सल्ले बाजूला ठेवून शास्त्राची कास धरली. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीला त्यानं प्रयोगशाळेतला तापमापी चिकटपट्टीनं बांधला आणि इंजिन चालू केलं. नियमाप्रमाणे इंजिन तापेपर्यंत ही नळी थंड राहायला हवी, कारण मधे थर्मोस्टॅट नावाची झडप दार लावून बसलेली असते. अंड्याएवढी पितळी वस्तू, पोटात मेण. पाणी ब्याऐंशी अंशांना पोचलं की मेण फुगतं, दार उघडतं, आणि मगच पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. ओस्मोच्या ट्रकची नळी मात्र पहिल्याच मिनिटापासून इंजिनाबरोबर कोमट होत चालली. म्हणजे दार सताड उघडं होतं. भर हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून घर तापवायला बसावं, तसं इंजिन बिचारं तापत होतं.

निदानाच्या आनंदात चार मिनिटं संपली. विल्यो खाली आले. ओस्मोनं त्यांना नळीचा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि सहावं मिनिटही नोंदवलं.

जुना थर्मोस्टॅट काढला तर खरंच त्याच्या जबड्यात गंजाचा खपला अडकलेला, तोंड मिटत नव्हतं. ते डोळ्यांना दिसत होतं. पण ओस्मो पाहिल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता, मोजल्यावर ठेवणाऱ्यांतला होता. त्यानं तो बटाट्याच्या पातेल्यात उकळून खात्री केली. मार्केत्ता बाजारातून आली तेव्हा स्वयंपाकघराला गंजक्या रेडिएटरचा वास येत होता. तिनं पातेलं बाहेर बर्फात ठेवलं आणि फर्मान काढलं, की यापुढे या घरातल्या पातेल्यात, किटलीत, कपात किंवा चमच्यात ट्रकचा कुठलाही अवयव शिजणार नाही.

आता आली पंचाईत. ओस्मोनं नवा थर्मोस्टॅट आणला होता, पण न तपासता बसवणार कसा? इंजिन परत खोलायचं म्हणजे एक दिवस जातो, आणि सभा जवळ आलेली. प्रयोगशाळेत नेला असता, पण तिथे नगरपालिकेचं पाणी सोडून दुसरं काही तापवायला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि वरिष्ठ स्कीइंगच्या सुट्टीवर होते. मग शनिवारी संध्याकाळी, स्वतःच्या सौनाच्या पाळीला टॉवेल शोधताना, ओस्मोच्या डोक्यात प्रकाश पडला. इमारतीच्या पोटातच नव्वद अंशांची खोली असताना माणूस पातेलं शोधत हिंडतो. काखेत कळसा, दुसरं काय.

त्यानं नवा थर्मोस्टॅट छताजवळच्या खिळ्याला, काट्याच्या अगदी शेजारी, दोऱ्यानं टांगला. काटा ब्याण्णव. नवराबायको वरच्या बाकावर माना वर करून बसले.

“लग्नानंतर आपण दोघांनी इतक्या मन लावून कशाकडे पाहिलंय का रे?” मार्केत्तानं विचारलं.

“बोलू नकोस. हलतोय.”

“तू श्वास सोडलास म्हणून हलतोय.”

पाऊण तास झाला. थर्मोस्टॅट घट्ट मिटलेला. ओस्मोनं तो दुकानात परत नेला. दुकानदारानं बिघाडाचा पुरावा मागितला. ओस्मोनं प्रयोगाची पद्धत, कालावधी, तापमान आणि निरीक्षकांची नावं असं सगळं सांगितलं. निरीक्षकांच्या अंगावर काय होतं हे दुकानदारानं विचारलं, त्याला ओस्मोनं उत्तर दिलं नाही. कटकट नको म्हणून दुकानदारानं दुसरा थर्मोस्टॅट दिला.

दुसऱ्याची परीक्षा शुक्रवारी, पुरुषांच्या पाळीला झाली. शनिवारपर्यंत थांबायला सवड नव्हती. आठ उघडे पुरुष एका पितळी अंड्याकडे बघत बसले आणि प्रत्येकाला मत होतं. कुणी म्हणालं दोरा लांब आहे. कुणी म्हणालं हल्लीचं मेण पूर्वीसारखं नाही. तौनो वरून म्हणाला, की आपण स्वतः या सौनात इतकी वर्षं बसून कधी उघडलो नाही, तर हे बाहेरून आलेलं पोर काय उघडणार. सगळे हसले. काटा पंच्याण्णवावर होता. थर्मोस्टॅट उघडला नाही. पाळी संपताना ओस्मोची इमारतीतली किंमत घसरून, दोन वेळा फसवला गेलेला रसायनज्ञ, एवढीच उरली होती. मेहुण्याचा फोन आला. गुलाबला कोणता रंग शोभेल, म्हणून विचारत होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आयलीबाई भेटल्या. हातात टोपी. बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत केव्हाच पोचली होती.

“किती अंशांना उघडतं म्हणालास ते?”

“ब्याऐंशी, आयलीबाई.”

“आणि आपल्या सौनात मिटूनच राहिलं?”

“हो. दोन्ही.”

“मग त्यांना काय बोल लावतोस? मीही तिथं मिटूनच असते.”

असं म्हणून त्या टोपी सावरत वर निघून गेल्या. ओस्मो थर्मोस्टॅट खिशात घालून तडक दुकानात गेला. दुकानदाराची कॉफीची किटली उकळत होती. काही न विचारता ओस्मोनं किटलीत थर्मोस्टॅट सोडला. थर्मोस्टॅटनं, कुणीतरी नीट हाक मारल्यासारखं, आनंदानं तोंड उघडलं. आधी परत केलेलाही उघडला. दुकानदारानं दोन्ही त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाला, “घेऊन जा हे. सौनात बसून आलेला माल मी विकू कुणाला?”

त्या शनिवारी आपल्या पाळीला ओस्मो प्रयोगशाळेचा तापमापी घेऊन खाली गेला. तो न्यायलाही परवानगी लागते, पण विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणं आहेत. खिळ्याच्या उंचीवर धरला. भिंतीवरचा काटा: ब्याण्णव. तापमापी: अडुसष्ट. त्यानं काट्याची चकती उलटून पाहिली. मागे एक बारीक स्क्रू होता, आणि त्याच्यावर ताजा ओरखडा.

आता सगळं जुळलं. चार हिवाळ्यांपूर्वी विल्यो चेअरमन झाले, तेव्हापासून सोसायटीचं विजेचं बिल दर वर्षी उतरत होतं. दर वर्षी सभा टाळ्या वाजवी. मागच्या वर्षी तर त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. विल्योंनी सौनाच्या विजेच्या भट्टीची आच उतरवली होती आणि काटा चढवला होता.

ओस्मो घरी येऊन खुर्चीत बसला. सत्य हातात आलं होतं आणि ते जड होतं. कारण काटा खोटा, तर तौनोचे पंच्याण्णव खोटे. आठही पुरुषांची वीस, अठरा, सतरा मिनिटं खोटी. आणि ओस्मोची स्वतःची पंधरा मिनिटं, जी तीनदा मेहुण्याला सांगितली होती, ती? अडुसष्ट अंशांत पंधरा मिनिटं तर मेहुण्याचा कुत्राही बसेल. हे सभेत सांगितलं तर ट्रकच काय, खुद्द ओस्मोलाही अंगणातून काढण्याचा ठराव एकमतानं झाला असता.

“सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत,” तो म्हणाला.

मार्केत्ता बटाटे सोलत होती, नव्या पातेल्यात. “मग सांगू नकोस,” ती म्हणाली. “नुसता टांग.”

शुक्रवारी पुरुषांच्या पाळीत दगडांवर पहिलं पाणी टाकायचा मान चेअरमनचा. विल्यो म्हणूनच सगळ्यांच्या आधी, एकटे येत. त्या शुक्रवारी ते आले तेव्हा वरच्या बाकावर ओस्मो बसलेला होता आणि खिळ्याला थर्मोस्टॅट लटकत होता.

“हे काय, श्रीयुत हिल्तुनेन?”

“थर्मोस्टॅट. ब्याऐंशीला उघडतो. दुकानदाराच्या किटलीत उघडला.”

विल्यो बसले. त्यांनी काट्याकडे पाहिलं. काटा चौऱ्याण्णव. थर्मोस्टॅटकडे पाहिलं. तो मिटलेला. त्यांनी दगडांवर एक वाटी पाणी टाकलं, मग दुसरी. वाफ झाली, विरली. सौनात दोन माणसं गप्प बसली तर त्यात वावगं काही नसतं. उलट बडबडणाऱ्याचाच संशय येतो. पण ही शांतता वेगळी होती. तिच्यात मधोमध एक पितळी वस्तू लटकत होती.

“वेळ लागत असेल,” विल्यो म्हणाले.

“वीस मिनिटं झाली.”

बाहेर कपडे बदलायच्या खोलीचं दार वाजलं. कुणीतरी जडजड बूट काढत होतं.

“तौनोला माहीत आहे?”

“नाही. फक्त मार्केत्ताला.”

विल्योंनी कपाळावरचा घाम पुसला. अडुसष्ट अंशांच्या मानानं तो बराच होता. “तौनोला वाईट वाटेल,” ते हळूच म्हणाले. “इतकी वर्षं बसतोय तो.” ओस्मो काही बोलणार होता. त्यानं खरं तर सगळं तयार करून आणलं होतं. मोजणीची पद्धत, खिळ्याची उंची, दोन अंशांपर्यंतची संभाव्य चूक. पण विल्योंनी त्याच्याकडे न बघता विचारलं,

“ट्रकला कोणता खांब हवाय रे तुला?”

ओस्मोनं सगळं भाषण गिळलं. “भिंतीजवळचा.”

“तिथं माझी गाडी असते.”

“माहितीये.”

तेवढ्यात तौनो आत आला. काट्याकडे नजर टाकून म्हणाला, “आज जरा बरं दिसतंय,” आणि धापा टाकत वर चढला. विल्योंनी हात लांब करून थर्मोस्टॅट खिळ्यावरून काढला आणि टॉवेलात गुंडाळला.

“उष्णतेनं खराब होईल,” ते म्हणाले.

सभा नीट पार पडली. ट्रक हा मोटारीचाच थोरला प्रकार असल्याचं चेअरमननी व्याख्येसह समजावून दिलं आणि सूचना फळ्यावरून उतरली. आयलीबाई नेहमीप्रमाणे उठून म्हणाल्या, सौना गार आहे. सभा सवयीनं काट्याकडे बोट दाखवणार, तोच विल्यो म्हणाले, की आलेल्या तक्रारीची आपण गंभीर दखल घेत आहोत, भट्टीची आणि काट्याची देखभाल याच आठवड्यात होईल. आयलीबाईंनी ओस्मोकडे पाहिलं. ओस्मोनं छताकडे पाहिलं.

त्यानं दोनांपैकी एक थर्मोस्टॅट ट्रकमध्ये बसवला. भिंतीजवळच्या खांबाशी रात्रभर गप्पा मारून ट्रक सकाळी पहिल्याच झटक्याला चालू झाला आणि चार मिनिटांच्या आत, काचेवर एकही बर्फाचा कण नसताना, अंगणाबाहेर पडला. पडदा हलला, पण खाली कुणी आलं नाही. पुलापर्यंत काटा ब्याऐंशीवर पोचला आणि तिथेच राहिला. तळ्याच्या वळणावर मार्केत्तानं वरचा कोट काढला, मग खालचाही. मेहुण्याला ओस्मोनं फोन करून कळवलं, की गुलाब विकायची नाही. नाव त्यानं घाईत तेच वापरलं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

उरलेला थर्मोस्टॅट विल्योंनी पुढच्या शुक्रवारी स्वतःच्या हातानं खिळ्याला टांगला, आणि स्टॉपवॉच सौनाच्या दाराबाहेर खुंटीवर. आठही पुरुष आत गेले. तौनो सर्वांत वर बसला. विल्योंनी पहिलं पाणी टाकलं.

भिंतीवरचा काटा: ब्याण्णव. प्रयोगशाळेचा तापमापी: ब्याण्णव. थर्मोस्टॅट: नऊ मिलिमीटर उघडा. तौनो: तीन मिनिटं चाळीस सेकंद.